एका गाडीत दोन तेलं

यंत्रांच्या पोटात



सायकलच्या चेनवरचा लेख वाचून तुमची बरीच पत्रं आली. त्यातलं सातवीतल्या एका मुलाचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. तो लिहितो, "बाई, माझ्या मामाकडे जुनी आरएक्स हंड्रेड आहे. मामा पेट्रोलही भरतो आणि शेजारच्या छोट्या टाकीत ऑइलही भरतो. तरी परवा मिस्त्रींनी गाडीच्या पोटाखालचा नट खोलून काळं ऑइल काढलं आणि नवीन ओतलं. एकाच गाडीला दोन-दोन ऑइलं कशाला?"

प्रश्न झकास आहे! आणि पत्र लिहिणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून पाहिलंय, हे त्याहून झकास. याचं उत्तर नीट समजलं, तर टू-स्ट्रोक इंजिन अर्धं समजलं म्हणून समजा.

आमच्या शाळेच्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री मातीवरच्या शर्यतींसाठी जुन्या आरएक्स गाड्या तयार करून देतात. पत्र घेऊन मी दोन रविवार त्यांच्याकडे जाऊन बसले. पाहिलं, विचारलं, वहीत उतरवलं. तेच आज तुम्हांला सांगते.

आधी वंगणाची गोष्ट

दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासा. घासलेत? गरम झाले ना? आता हातांना खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून पुन्हा घासा. हात सटासट सरकतात आणि तेवढे तापत नाहीत. दोन तळव्यांच्या मधे तेलाचा पातळ पडदा आला, म्हणून कातडी कातडीवर घासायची थांबली.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात, ते याचसाठी. वंगण संपलं की चाक कुरकुरायला लागतं आणि शेतकरी लगेच समजतो. मोटारसायकलचंही तसंच आहे. फक्त तिथे आस मिनिटाला हजारो वेळा फिरतो आणि कुरकुर ऐकू येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

पहिलं तेल : जळून जाणारं

इंजिनात एक पोकळ नळकांडं असतं, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात वर-खाली पळतो तो दट्ट्या, म्हणजे पिस्टन. दट्ट्याच्या खाली एक बंद खोली असते. त्या खोलीत दट्ट्याच्या वर-खाली होण्याचं गोल फिरणं करणारा दांडा असतो, त्याचं नाव क्रँक.

फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या चार फेऱ्या मारतो (दोनदा वर, दोनदा खाली) तेव्हा एकदा ठिणगी पडते. टू-स्ट्रोकमध्ये एकदा वर आणि एकदा खाली झालं की ठिणगी! म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती ठिणग्या? करा भागाकार. १००! म्हणून तर टू-स्ट्रोक गाडी लहान असूनही अंगात आल्यासारखी पळते.

आता खरी गंमत खालच्या खोलीत आहे. फोर-स्ट्रोकमध्ये त्या भागात ऑइल भरलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये मात्र ती खोली पंपाचं काम करते. दट्ट्या वर गेला की खाली जागा वाढते, दाब कमी होतो, आणि उसाचा रस स्ट्रॉनं ओढावा तसं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. दट्ट्या खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेनं वर सिलिंडरमध्ये चढतं. ही युक्ती इंग्लंडच्या जोसेफ डे यांच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निघाली. इतकी सोपी, की झडपांचा सगळा पसारा वाचला आणि इंजिन हलकं, स्वस्त झालं.

पण युक्ती सोपी असली तरी एक अडचण आलीच. ज्या खोलीतून सतत पेट्रोलचं वारं वाहतंय, तिथे ऑइल भरून ठेवणार कसं? ते पेट्रोलबरोबर वर ओढलं जाणार. मग क्रँकला आणि दट्ट्याला वंगण कुठून मिळणार?

उपाय असा काढला, की पेट्रोलबरोबरच थोडं ऑइल आत पाठवायचं. ते जाता जाता सगळ्या भागांना लागतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जातं. टू-स्ट्रोक गाडीच्या मागे निळसर धूर आणि तो ओळखीचा वास येतो, तो या जळक्या ऑइलचा. आरएक्स हंड्रेडमध्ये हे ऑइल वेगळ्या टाकीतून छोटा पंप मोजून सोडतो. शर्यतीच्या गाड्यांत बहुधा ते पेट्रोलमध्येच आधी कालवतात. प्रमाण ५० ला १ असेल, तर १ लिटर पेट्रोलला २० मिलीलिटर. याला टू-टी ऑइल म्हणतात. जळताना राख कमी राहावी, असंच ते बनवलेलं असतं.

हे झालं पहिलं तेल.

दुसरं तेल : राबणारं

क्रँकच्या खोलीला लागून, पण भिंतीपलीकडे, दुसरी खोली असते. तिथे गिअरची दातेरी चाकं असतात आणि क्लचच्या प्लेटा असतात. इंजिनाची ताकद याच खोलीतून मागच्या चाकाकडे जाते. या खोलीत पेट्रोल येत नाही, म्हणून इथे ऑइल भरून ठेवता येतं. हे गिअर ऑइल. मामाच्या गाडीखालून निघालं, ते हे.

पहिलं ऑइल आलं, लागलं, जळून गेलं. दुसरं तिथेच राहतं आणि तेच तेच काम करत राहतं. त्याला कामं तरी किती! गिअरच्या दात्यांमधे पडदा धरायचा. क्लचच्या प्लेटा घासून तापतात, त्यांची उष्णता वाहून न्यायची. झिजून पडलेली भुकटी पोटात घ्यायची. लोखंडाला गंज चढू द्यायचा नाही.

आणि हे सगळं करायला ऑइल असतं किती? आरएक्ससारख्या गाडीत साधारण अर्धा ते पाऊण लिटर. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीच्या मातीत पळणाऱ्या २५० आणि ३०० सीसीच्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो गाड्या असतात, त्यांतही ८०० मिलीलिटर. म्हणजे घरातल्या पाण्याच्या बाटलीपेक्षाही कमी. शिवाय टू-स्ट्रोकच्या या खोलीत ऑइल गाळायला फिल्टर बहुधा नसतोच. जे काही झिजून पडेल ते ऑइलमध्येच फिरत राहतं.

मातीतली गाडी वेगळी का?

मोटारसायकली मातीवर पळवण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमध्ये कँबर्ली इथे १९२४ साली चढउतारांच्या मोकळ्या रानात अशी शर्यत झाली. मोटोक्रॉस नावाचा खेळ तिथूनच वाढला, असं मानतात. पुढे हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी तो गाजवला. आपल्याकडे पुण्याला, नाशिकला अशा मातीच्या शर्यती झालेल्या आहेत. यामाहाची आरएक्स हंड्रेड १९८५ साली भारतात आली आणि १९९६ साली बनायची बंद झाली, तरी हौशी मुलं जुन्या आरएक्स शोधून शर्यतीसाठी तयार करतातच. ९८ सीसीचं हे छोटं इंजिन मिस्त्री लोकांना तळहातावरच्या रेषांसारखं पाठ असतं.

रस्त्यावरची गाडी एका वेगानं शांतपणे जाते. मातीतल्या गाडीचं तसं नसतं. वळणावर वेग कमी, लगेच भरधाव, लगेच उडी. चालवणारा क्लच सारखा अर्धवट दाबत असतो. अर्धवट दाबला की प्लेटा एकमेकींवर घासतात आणि ऑइल तापतं. उडी मारून गाडी जमिनीवर आदळते, तेव्हा गिअरच्या दात्यांना दणका बसतो. त्यात वरून चिखल, पाणी, धूळ.

दोन दातेरी चाकांमधे ऑइल सारखं चिरडलं जातं. त्याला दाट ठेवणारे जे लांबलचक रेणू असतात, ते तुटत जातात आणि ऑइल पातळ होतं. म्हणून मातीतल्या गाडीचं ऑइल किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. किती तास इंजिन चाललं, ते दाखवणारं छोटं घड्याळच काही गाड्यांना असतं. शर्यतवाले तर माहितीपुस्तकात दिलेल्या मुदतीच्याही आधी ऑइल बदलतात.

बदलतात कसं?

मिस्त्रींच्या हाताखाली एक मुलगा काम करतो. (अठरा पूर्ण आहे, मी विचारून घेतलं!) त्यानं काम करायचं, मिस्त्रींनी बोलायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं.

१. आधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं. गार ऑइल काकवीसारखं दाट असतं, ते सावकाश निघतं आणि तळाची घाण तळाशीच ठेवतं. कोमट झालं की पातळ होतं आणि भुकटीसकट बाहेर येतं. पण फार तापवायचं नाही, हात भाजतो. मग इंजिन बंद.

२. गाडी सपाट जमिनीवर स्टँडला सरळ उभी केली. नटाभोवतीचा चिखल ब्रशनं घासून, फडक्यानं पुसून काढला. मिस्त्री म्हणाले, "आधी पुसायचं, मग खोलायचं. उलटं केलं तर माती पोटात."

३. खाली पसरट भांडं ठेवलं. वरचं झाकण सैल केलं. का बरं? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल डचमळत, थांबत थांबत येतं. दुसरं भोक पाडलं की हवा आत शिरते आणि धार नीट लागते. तेच इथे.

४. नीट बसणारा पाना घेऊन खालचा नट डावीकडे फिरवला. शेवटचे दोन आटे हातानं. हातात रबरी मोजे होते. काळी धार पडायला लागली. ती थेंबावर येईपर्यंत कुणीही घाई केली नाही.

५. नट पुसला. काही गाड्यांच्या या नटाला टोकाशी लोहचुंबक असतो. पोलादाची भुकटी त्याला मिशीसारखी चिकटते. ती पुसून टाकली. नटाखालचा मऊ धातूचा वॉशर नवीन घातला. दाबला गेल्यावरच तो फट बंद करतो, म्हणून एकदा दबलेला वॉशर पुन्हा तितका भरवशाचा नसतो.

६. नट आधी बोटांनी फिरवून बसवला, मग पान्यानं आवळला. इथे थांबा, इथे विज्ञानाचा तास आहे!

इंजिनाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, नट पोलादाचा. जोर जास्त झाला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे खलास. म्हणून किती आवळायचं, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. समजा लिहिलंय २० न्यूटन-मीटर. म्हणजे काय? पाना १ मीटर लांब असेल तर टोकाला २० न्यूटन, म्हणजे सुमारे २ किलो वजनाएवढा जोर. पण हातातला पाना असतो २० सेंटिमीटरचा, पाचपट लहान. मग जोर पाचपट, सुमारे १० किलो. आता कुणी पहिलवानगिरी करून पान्याला १ मीटरचा पाइप लावला आणि तोच १० किलोचा जोर दिला, तर नटावर पडतील १०० न्यूटन-मीटर! पाचपट! आटे गेलेच म्हणून समजा. शाळेतली तरफ गॅरेजमध्ये अशी भेटते.

७. नवीन ऑइल मापाच्या भांड्यात मोजून घेतलं आणि नरसाळ्यानं ओतलं. झाकण लावलं. इंजिन थोडा वेळ चालू करून बंद केलं, ऑइल खाली उतरू दिलं आणि पातळी पाहिली. काही गाड्यांना पाहायला काचेची खिडकी असते, काहींना बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो काढल्यावर ऑइल हळूच डोकावलं की माप बरोबर. शेवटी नटाखाली कोरडं फडकं फिरवून गळत नाही ना, ते पाहिलं.

८. तारीख आणि माप वहीत लिहिलं. "हे सगळ्यात महत्त्वाचं," मिस्त्री म्हणाले. का, ते पुढे कळेलच.

कोणतं ऑइल?

या खोलीत टू-टी ऑइल ओतायचं नाही. ते जळण्यासाठी बनवलंय, दात्यांमधे दाबून घेण्यासाठी नाही. तसंच गिअर ऑइल पेट्रोलमध्ये कालवायचं नाही, राख साठून प्लग खराब होतो.

मोटारीचं ऑइलही उगाच ओतू नये. मोटारीच्या काही ऑइलांमध्ये घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं असतात. मोटारसायकलच्या क्लचच्या प्लेटा बहुधा याच ऑइलात बुडालेल्या असतात. त्या एकमेकींना धरण्याऐवजी घसरायला लागल्या तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. म्हणून अशा ओल्या क्लचसाठी बनवलेल्या ऑइलच्या बाटलीवर 'जेएएसओ एमए' अशी खूण असते. ही खूण जपानच्या मोटारउद्योगानं ठरवलेल्या मापदंडाची आहे. आणि गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय, ते सगळ्यांत आधी.

जुनं ऑइल बोलतं

ऑइल निघाल्यावर मिस्त्रींनी भांडं लगेच उचललं नाही. उन्हात नेऊन वाकून पाहिलं. दोन बोटांत घेऊन चोळलं. वास घेतला. डॉक्टर जीभ बघतात ना, तसं! मला त्यांनी सांगितलेलं असं :

काळपट ऑइल, त्यात बारीक चंदेरी झाक : नेहमीची झीज, काळजी नको.

टोचणारे तुकडे, दात्याचा कपचा : गाडी चालवायची नाही, आधी खोलायची.

ताकासारखं पांढरट : आत पाणी शिरलंय. नदी-ओढ्यातून, धुताना, किंवा पाण्यानं गार होणाऱ्या गाडीत पंपाच्या सीलमधून. गिअर ते पाणी रवीसारखं घुसळतात.

पेट्रोलचा वास : दोन खोल्यांमधली भिंत कुठेतरी फितूर झालीय.

जळका वास : क्लच फार घासला गेलाय.

"आणि माप," मिस्त्री म्हणाले, "माप बघितल्याशिवाय ऑइल फेकायचं नाही." मग त्यांनी गेल्या हिवाळ्यातली एक हकिगत सांगितली.

कॉलेजात जाणारा एक मुलगा शर्यतीच्या आदल्या दिवशी आरएक्स घेऊन आला. म्हणाला, "काका, फक्त ऑइल बदलून द्या. बाकी गाडी एक नंबर आहे." मिस्त्रींनी ऑइल काढलं. रंग बरा होता. चुंबकावर नेहमीएवढीच भुकटी. सवयीनं त्यांनी ते मापाच्या भांड्यात ओतलं. ४०० मिलीलिटर भरलं. वही उघडली. गेल्या वेळी घातलं होतं ६५०.

थोडं ऑइल आत भिंतींना चिकटून राहतंच. पण २५० मिलीलिटर? खाली गळतीचा डाग नाही. नट कोरडा. झाकण घट्ट.

आता तुम्ही सांगा पाहू, ऑइल गेलं कुठे? पुढचं वाचण्याआधी मिनिटभर विचार करा. खालच्या खोलीतला तो स्ट्रॉ आठवा.

मिस्त्रींनी किक मारून गाडी चालू केली. इंजिन तापल्यावरही मागून पांढरट दाट धूर येतच राहिला. प्लग काढला, तर तो काळा आणि ओला. कोडं सुटलं. क्रँकचा दांडा भिंतीतून पलीकडे क्लचच्या बाजूला जातो. जिथून जातो तिथे त्याच्याभोवती रबराची चकती असते, तिला ऑइल सील म्हणतात. ती म्हणजे दोन खोल्यांमधली दाराची चौकट. ती कडक होऊन फाटली होती. दट्ट्या वर गेला की खालच्या खोलीत ओढ निर्माण होते, आणि ती ओढ पेट्रोलबरोबर पलीकडचं गिअर ऑइलही ओढून घेत होती. राबणारं तेल जळणाऱ्या तेलाच्या वाटेनं चाललं होतं!

"ऑइल पाय लावून जात नाही, बाई," मिस्त्री मला म्हणाले.

मुलगा गयावया करायला लागला. "काका, उद्या शर्यत आहे. वरपर्यंत नवीन ऑइल भरून द्या. एवढी एक शर्यत होऊ दे. सील सोमवारी बदलू." सील बदलायचं तर क्लचची बाजू खोलायला लागणार, आणि हवं ते सील गावात नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, "शर्यतीत इंजिन याच्या दुप्पट बोंबलणार. ऑइल किती टिकेल, ते ना तुला ठाऊक, ना मला. गिअर कोरडे पडून उडीच्या वेळी जाम झाले, तर मागचं चाक जागच्या जागी धरेल. तू गाडीवरून पुढे उडशील. तुझ्या आईला मी काय सांगू? गाडी देणार नाही."

मुलगा रागावला. बाहेर जाऊन बसला. थोड्या वेळानं परत आला, बाही सारल्या आणि स्वतःच गाडीचे भाग पुसायला लागला. शर्यत हुकली. सील शहरातून आलं, बसवलं. पुढच्या वेळी ६५० मिलीलिटर घातलं होतं आणि ६३० निघालं. तो आकडा त्यानं स्वतःच्या हातानं वहीत लिहिला.

मुलांनो, या गोष्टीत भारी हत्यार कोणतं होतं? मापाचं भांडं आणि एक वही. तुमच्या दप्तरातही वही आहे. आकडा लिहून ठेवला की तो पुढच्या आकड्याशी बोलतो. लिहिला नाही, तर ४०० मिलीलिटर म्हणजे नुसतं भांडंभर काळं ऑइल.

काळ्या ऑइलचं काय करायचं?

आपल्याकडे हे ऑइल कुठेही ओततात. गटारात, उकिरड्यावर, अंगणातली धूळ बसावी म्हणून मातीवर. वाळवीसाठी लाकडाला फासतात. कुणी शेकोटीत टाकतात. यातलं काहीच बरं नाही. वापरलेल्या ऑइलात धातूची भुकटी आणि तापून तयार झालेली घातक द्रव्यं असतात. ते पाण्यात विरघळत नाही. ओढ्याला गेलं तर पाण्यावर तवंग पसरतो, मातीत मुरलं तर विहिरीपर्यंत पोचू शकतं. जाळलं तर धुरातून आपल्याच नाकात.

घातक कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यातच धरलंय. पण ते वायाही जात नाही. परवाना असलेल्या कारखान्यात त्यातली घाण काढून त्याचं पुन्हा चांगलं ऑइल बनवता येतं. म्हणून ते झाकणाच्या डब्यात साठवायचं, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळायचं नाही, आणि जमा करणाऱ्या गॅरेजला नेऊन द्यायचं. आमच्या मिस्त्रींकडे यासाठी एक पिंप आहे. भरलं की परवानाधारक माणूस येऊन नेतो.

आणि हात? पेट्रोलनं धुवायचे नाहीत, साबणानं धुवायचे. कातडीला काळं ऑइल वरचेवर लागणं चांगलं नसतं, म्हणून तर ते रबरी मोजे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

गाडीला हात लावू नकोस, कपडे खराब होतील, असं आपण मुलांना पटकन म्हणतो. जुने कपडे घालून, मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, बंद आणि निवलेल्या गाडीचं काम मुलानं किंवा मुलीनं जरूर पाहावं. पाना धरावा, ऑइल मोजावं, वहीत लिहावं. पण चालवणं वेगळं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. खास मातीसाठी बनवलेल्या, दिवे आणि नंबरप्लेट नसलेल्या गाड्या तर मोठ्यांनाही रस्त्यावर चालवता येत नाहीत.

करून पाहा

दोन सारख्या छोट्या बाटल्यांत सारखंच तेल घ्या. एक बाटली थंड पाण्यात ठेवा, दुसरी कोमट पाण्यात. दहा मिनिटांनी प्रत्येकीतलं एक चमचा तेल तिरप्या ताटलीवर सोडा आणि खालच्या कडेला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनदा करा, आकडे लिहा. मिस्त्रींनी ऑइल काढण्याआधी इंजिन का तापवलं, ते स्वतःच्या वहीतून कळेल. (तेल मोठ्यांना विचारून घ्या!)

या आठवड्याचं कोडं

एका शर्यतीच्या गाडीत ५ लिटर पेट्रोल भरलंय आणि पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ४० ला १ ठेवायचंय. टू-टी ऑइल किती मिलीलिटर घालावं लागेल? आणि गिअरच्या खोलीतल्या ऑइलशी या हिशोबाचा काही संबंध आहे का? असेल तर कसा, नसेल तर का नाही, ते दोन ओळींत लिहा. नुसतं उत्तर चालणार नाही, हिशोब मांडलेला हवा. उत्तर पुढच्या अंकात.

तुमच्या,
बाई